पंचांगात काही नसलेला दिवस

“माहीत होतं तर त्याले तिथं झोपू कामून दिलं?” सरुबाई ओरडल्या. “अन् माहीत नव्हतं, तर आता कोणत्या तोंडानं बोलून राहिली?”

प्रतिभा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सासूबाई नुकत्याच दवाखान्यातून आल्या होत्या. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या त्यांनी. धाकटा मुलगा रितेश तिथं तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून पडला होता. जीव वाचला होता. पण शुद्धीवर आल्यापासून तो एकच विचारत होता, “दुकान उघडलं का?” हो म्हटलं की मान हलवायचा, आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच.

“मला माहीत नव्हतं, आई,” प्रतिभा म्हणाली. “मला वाटत होतं. वाटणं वेगळं आणि माहीत असणं वेगळं.”

“मास्तरीणबाई, तुमचे धडे शाळेत ठेवा! माझं पोरगं येडं होऊन पडलंय तिकडं.”

प्रतिभाचा नवरा जीवन केळीच्या उलट्या क्रेटवर बसून पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची माती घासत होता. त्याची पहिल्या बायकोची मुलगी, सात वर्षांची अमृता, आतल्या पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपली नव्हती. दाराशी नवरात्रासाठी कच्च्या केळ्यांचा माल उतरून पडला होता. तो आज पिकायला भरायचा, म्हणजे माडीखालच्या खोलीत धुरी पेटणार. आणि अमृता आज कुठं झोपणार, ते अजून कोणी बोललं नव्हतं.

प्रतिभा नेपानगरची. वडील कागद कारखान्यात होते. शिक्षण हिंदीतून झालं, बी.एस्सी. बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात, रोज रेल्वेनं ये-जा करून. मग वडिलांना अर्धांगवायू झाला. धाकट्या बहिणीचं लग्न उरकलं आणि हिचं राहून गेलं. नेपानगरच्या एका खाजगी शाळेत ती सातवीला विज्ञान शिकवायची. पहिला धडा दरवर्षी तोच. फळ्यावर ती चार शब्द लिहायची: अवलोकन, परिकल्पना, प्रयोग, निष्कर्ष. पोरं ते वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची आणि विसरून जायची. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडं असे, आणि काचसामान फुटेल म्हणून ते कपाट उघडत नसत. इतकी वर्षं शिकवून प्रतिभानं स्वतः एकही गोष्ट तपासून पाहिली नव्हती.

चौतिसाव्या वर्षी बुऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेतलं हे स्थळ आलं. विधुर, केळीचा व्यापार, एक मुलगी. नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं आणि हो म्हणण्यासारखंही फारसं नव्हतं. आई म्हणाली, “पोरगी आहे तर आहे. तुला आयती मिळाली.”

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सरुबाईंनी तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक घातला. करंगळीच्या नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. ही पल्लवी, पहिली बायको. दुसरेपणावर आलेल्या बाईनं मेलेल्या सवतीला असं गळ्यात वागवायचं, ही रीत प्रतिभानं ऐकली होती, पाहिली नव्हती. “आधी तिले कुंकू लाव, मग स्वतःले,” सरुबाई म्हणाल्या. “ते पुढं, तू मागं. तिचा मान ठेवला तर सांभाळून घेईल.”

पल्लवी तीन वर्षांपूर्वी नवरात्रात गेली होती, माडीवरच्या खोलीत. सकाळी उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गल्ली म्हणाली, काही तरी खाल्लं असेल, गेले काही महिने कशी भ्रमिष्टासारखी वागायची. घरानं दोन्हीवर विश्वास ठेवला नाही. कोण्या जाणत्यानं सांगितलं, की बाई खिडकीतून परत येईल. म्हणून त्या खोलीच्या एकुलत्या एका खिडकीला खिळे ठोकले आणि फटींत चिंध्या कोंबल्या. नंतर प्रतिभा आणि अमृता त्याच खोलीत झोपू लागल्या.

महिन्याभरात प्रतिभाचं डोकं दुखू लागलं. साधं नाही. सकाळी उठावं तर खोली फिरायची, जिना उतरताना पाय कोणाचे तरी असल्यासारखे वाटायचे, ओकारी यायची. अमृताचंही तेच. शाळेतून निरोप आला, मुलगी वर्गात झोपते. एकदा पोर सकाळी म्हणाली, “माझ्या पायाशी आई बसली होती.” सरुबाईंनी ते ऐकलं आणि त्यांच्या हातातलं ताट खाली पडलं.

“ते पोरीले न्यायले येऊन राहिली,” त्या म्हणाल्या. दुष्टपणानं नाही. नातीला त्यांनी आईवेगळं वाढवलं होतं. ती हातची जाईल या धास्तीनं त्यांना अन्न गोड लागत नव्हतं.

घरात सगळ्यात नीट पाहणाऱ्या त्याच होत्या. त्यांना पाठ होतं: एकादशी तोंडावर आली की हिचं डोकं उठतं, संकष्टी आली की उठतं, श्रावणात सोमवारच्या आधी, शिवरात्रीच्या आधी. पल्लवीचंही असंच व्हायचं. “परव जवळ आलं की ते जागी होते,” त्या म्हणायच्या. प्रतिभानं स्वतःशी पडताळलं आणि तिला कबूल करावं लागलं, की पाहण्यात सासूबाईंची चूक नव्हती. दुखणं खरोखरच पंचांगानं चाललं होतं.

तिला पहिल्यांदा भगरीचा संशय आला. उपवासाच्या भगरीनं माणसं आजारी पडल्याच्या बातम्या तिनं वाचल्या होत्या. तिनं भगर सोडली, शेंगदाणे सोडले, एका एकादशीला नुसत्या दुधावर राहिली. डोकं दुखलंच. मग तिच्या लक्षात आलं, की डोकं उठतं ते उपवासाच्या आदल्या सकाळी, भगर पोटात जायच्या आधी. आणि अमृता तर उपवास करतच नव्हती. इतकी साधी गोष्ट आधी का दिसली नाही, याची तिला लाज वाटली. पण तिनं भगर सोडून दिली, म्हणजे भगरीवरचा संशय.

उत्तर एका सकाळी दुकानातच सापडलं. ती जीवनला चहा द्यायला खाली गेली. माडीच्या बरोबर खाली केळी पिकवायची खोली होती. मोठ्या व्यापाऱ्यांनी थंड हवेची यंत्रं बसवली होती. जीवन आधी कार्बाइडची पावडर वापरायचा, पण तिच्यावर धाडी पडायला लागल्या तसा तो बापाच्या जुन्या रीतीवर आला. कच्चे घड रचायचे, मधे लोखंडी पाट्यांत गोवऱ्या आणि भुसा पेटवायचा, दाराच्या फटी मातीनं लिंपायच्या. ही धुरी रात्रभर धुमसायची. हमाल भिकन सकाळी दाराचं लिंपण फोडायचा आणि तोंडाला गमछा बांधून पाट्या बाहेर काढायचा.

“कल चतुर्थी है ना भाभी,” भिकन म्हणाला. “उपवासाला माल लागतो. उपवास नसला तर पिकलेलं केळं कोण घेतं इतकं?”

ती कपबशी हातात धरून तशीच उभी राहिली. तिथी आली की उपवास येतो, उपवास आला की केळी पिकवतात, केळी पिकवायची तर धुरी पेटते. धूर बसला तरी निखारे धुमसतात, आणि त्यांतून जो वायू निघतो त्याला वास नसतो, रंग नसतो. माडीची जमीन सागाच्या फळ्यांची होती. फळ्यांमधून खालचा दिवा दिसायचा. धुरी असली की जीवन दुकानाच्या ओट्यावर झोपायचा, माल सांभाळायला. सरुबाई आणि रितेश रस्त्याकडच्या खोलीत झोपत. वर फक्त त्या दोघी असत. त्यांच्या आधी पल्लवी, एकटी. अमृता तेव्हा आजीजवळ झोपायची.

तिनं त्याच दिवशी जीवनला सांगितलं.

“माझ्या बापानं आयुष्यभर धुरी केली,” तो म्हणाला. “कोणी मेलं का?”

“वर कोणी झोपायचं का तेव्हा?”

“तेव्हा वर कांदे असायचे.” आणि तो माल मोजायला निघून गेला.

पुढच्या एकादशीच्या तोंडावर पाऊस इतका झाला, की मळ्यातून माल निघालाच नाही. धुरी पेटली नाही. प्रतिभानं मनाशी आधीच ठरवून ठेवलं होतं: माझं खरं असेल, तर उद्या डोकं दुखणार नाही. दुखलं नाही. अमृता उठून उड्या मारत खाली गेली. प्रतिभा सासूबाईंना सांगायला गेली, तर त्या आधीच हसत होत्या. “पाह्यलं का? काल तू न्हात होती तवा म्या टाकाले दुधाचा अभिषेक केला. शांत झाली.”

एकाच सकाळी दोघी जिंकल्या होत्या. म्हणजे काहीच ठरलं नव्हतं.

मग धुरीच्या दिवशी तिनं अमृताला स्वयंपाकघरात निजवलं आणि स्वतः वर झोपली. पोर ठणठणीत उठली. सरुबाई म्हणाल्या, “तू जवळ नव्हती म्हणून. टाक तुझ्या गळ्यात, तिथंच ते येते.” दुसऱ्या खेपेला प्रतिभानं टाक काढून देवघरात ठेवला आणि एकटी वर झोपली. सकाळी तिला भिंत धरून उतरावं लागलं. सरुबाई म्हणाल्या, “टाक काढला. कोपणार नाही तर काय करेल?”

टाक घातला तर ती येते. काढला तर कोपते. बरं वाटलं तर शांत झाली, नाही वाटलं तर चिडली. प्रतिभाला शाळेतला फळा आठवला. त्या चार शब्दांच्या मधे एक गोष्ट कधी लिहिलीच नव्हती. जी गोष्ट काहीही घडलं तरी खोटी पडत नाही, तिची परीक्षा घेताच येत नाही.

म्हणून तिनं एके दुपारी शेंगा फोडत बसलेल्या सासूबाईंना सरळ विचारलं, “आई, काय झालं तर तुम्ही मानाल, की ही पल्लवी नाही?”

असं सरुबाईंना कोणी आयुष्यात विचारलं नव्हतं. त्यांनी हातातली शेंग तशीच धरली. मग ती न फोडताच सुपात टाकून म्हणाल्या, “परव नसतानी झालं तर. अन् ज्याच्यावर तिचा राग नाही त्याले झालं तर.”

“कोणावर राग नाही तिचा?”

“रितेशवर. त्याले तर ते लेकरासारखं जपायची. त्याले काही करणार नाही ते.”

तिथंच बसलेला रितेश मोबाईलमधून डोकं न काढता हसला. “वहिनी, टेन्शन मत लो. मी झोपतो ना वर. भूत-बीत काही नाही, अन् तुमचा तो गॅस-बीस पण काही नाही. तुम्ही दोघी हरणार.”

सव्वीस वर्षांचा, व्यायामशाळेत जाणारा, घरातल्या प्रत्येक भांडणावर विनोद करणारा. प्रतिभाला तो आवडायचा. या घरात तिला पहिल्यांदा हसवलं होतं त्यानं.

दिवस आपोआप चालून आला. दर्ग्याच्या उरुसात वाटायला केळ्यांची मोठी मागणी आली. धुरी पेटणार होती, आणि पंचांगात त्या दिवशी काहीच नव्हतं. ना उपवास, ना पर्व. सरुबाईंनी स्वतः पाहून सांगितलं, “कोरा दिवस आहे.” शिवाय रितेशच्या गळ्यात टाक नव्हता. इतकी चोख परीक्षा ठरवूनही जमली नसती. प्रतिभाला आतून एक उत्साह वाटला. शाळेत कधी वाटला नव्हता तसा.

तिच्या मनात आलं होतं, की खिडकीचे खिळे काढावेत. पण मग परीक्षाच बदलली असती. खिळे काढले आणि काही झालं नाही, तर सरुबाई म्हणाल्या असत्या, पाहा, पोराला काही केलं नाही तिनं. म्हणून खिळे तिनं राहू दिले. रितेशला फक्त बजावलं, की कडी लावायची नाही आणि डोकं जड वाटलं की लगेच खाली यायचं. तिला वाटलं, डोकं दुखेल, ओकारी होईल, तिला व्हायचं तसं. उरुसाचा माल उपवासाच्या मालापेक्षा किती तरी जास्त होता, पाट्या दुपटीनं पेटल्या होत्या, हे तिनं विचारलं नाही. आणि डासांमुळे रितेशनं दार लावून कडी घातली.

सकाळी कडी तोडावी लागली. तो दाराजवळच पालथा पडला होता. गाल लालबुंद, एक हात दाराकडं पसरलेला.

“डॉक्टर काय म्हणाले?” प्रतिभानं आता विचारलं.

“धूर,” सरुबाई म्हणाल्या. आवाज खाली आला होता. त्या भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या. “कोळशाचा वायू डोक्यात गेला म्हणाले. ध्यान परत येईल की नाही, ते आता सांगता येत नाही म्हणाले.” मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “म्याच म्हटलं होतं. त्याले काही करणार नाही म्हणून. म्याच म्हटलं होतं ना?”

प्रतिभाला हो म्हणता आलं असतं. तिनं पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढं ठेवला. तिचं खरं निघालं होतं. पण रितेश तिथं तिच्या खऱ्यासाठी झोपला होता.

सरुबाईंनी तांब्याला हात लावला नाही. त्या जीवनकडं वळल्या.

“म्हणजे पल्लवी...”

“आई, ते आता उकरून काय होणार?” जीवन घाईनं म्हणाला.

“तिचा बाप माझ्या दारात येऊन विचारत होता, पोरीनं काय खाल्लं ते सांगा म्हणून. म्या म्हटलं, तुमची पोरगी आधीपासूनच तशी होती. खिडकीले खिळे म्या ठोकून घेतले. अन् मग या दोघींले त्याच खोलीत निजवलं.”

“कोणाला माहीत होतं?” जीवन उठून उभा राहिला. “मला माहीत होतं का? दवाखान्यात मी सांगितलंय, रितेश खोलीत शेगडी पेटवून झोपला होता. तेच सगळ्यांनी सांगायचं. उगाच चौकशी मागं लागली तर धंदा बसेल. आणि हे बघा, आता कारण कळलं ना? मग सोपं आहे. आपण सगळे पुढच्या खोलीत झोपू. बाहेर माल पडलाय, नवरात्र दोन दिवसांवर आलंय. संध्याकाळी भरून टाकू.”

“आणि वरची खोली?” प्रतिभानं विचारलं.

“भिकनला देऊ. नाही तरी नदीकाठी पत्र्यात राहतो, पावसात गळतं त्याचं. बायको-पोरांना घेऊन येऊ दे. खूश होईल तो.”

प्रतिभाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं. त्यावर काही वाईट नव्हतं. अडचणीतून वाट काढलेल्या माणसाचा थोडा सैलपणा होता. इतके दिवस तिला वाटत आलं होतं, की या घराला कळत नाही म्हणून असं चाललंय. एकदा कळलं की संपेल. आता कळलं होतं.

तिनं सरुबाईंकडं पाहिलं. त्या काही बोलतील म्हणून थांबली. सरुबाईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि म्हणाल्या, “नवरात्राचा माल सडवून कसं चालेल.” त्या रडत होत्या. पण हे त्यांनी म्हटलं.

आतून अमृता दारापर्यंत आली. “आजी, मी आज तुझ्याजवळ झोपू?”

“झोप वं माय, झोप,” सरुबाई म्हणाल्या.

प्रतिभा आत गेली. कपाटातून पोरीचे फ्रॉक, शाळेचा गणवेश, पुस्तकं काढून तिनं पिशवीत भरली. जीवन मागोमाग आला. “हे काय? आता कशाला नाटक? पुढच्या खोलीत झोपा म्हटलं ना?”

“पुढच्या खोलीला आणि केळीच्या खोलीला एकच भिंत आहे,” ती म्हणाली. “तिथं किती येतो, मला माहीत नाही. आणि आता मी कोणाला झोपवून बघणार नाही.”

“पोरगी माझी आहे. तुझी नाही ती.”

“नाही.”

“मग कोणत्या हक्कानं नेतेस?”

तिनं पोरीच्या पायांत चपला घातल्या, केसांना पिन लावली आणि तिला घेऊन बाहेरच्या खोलीत आली. सरुबाईंनी पदर खाली केला. जीवन दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला, आत येणाऱ्याला अडवावं की बाहेर जाणाऱ्याला, ते न कळल्यासारखा.

“मी नेपानगरला जाते,” प्रतिभा म्हणाली. “अमृता माझ्याबरोबर येतेय, तिचं नाव तिथल्या शाळेत घालीन. डॉक्टरांकडं मी आधी जाणार आहे, रितेशला कशानं झालं आणि त्याला तिथं कोणी झोपवलं, ते मीच सांगणार. आणि भिकनला आता जाताना सांगते, वरची खोली घेऊ नको म्हणून.”

तिनं पिशवी उचलली.